दोर्दोन्यच्या काठी, बेनाकच्या कड्यावर

फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दोच्या पूर्वेकडे पेरिगोर नावाचा प्रदेश आहे. ओकची दाट रानं, अक्रोडाच्या बागा, पिवळसर चुनखडीचे कडे आणि त्यांच्यामधून संथ वळणं घेत जाणारी दोर्दोन्य नदी. मासिफ सेंत्रालच्या डोंगरात उगम पावून बोर्दोच्या पुढे गारोन नदीला मिळेपर्यंत ती सुमारे ४८० किलोमीटर वाहते. मधल्या टप्प्यात तिनं चुनखडी कापत खोल पात्र केलं आहे, आणि जिथे कडा पाण्यावर झुकलेला आहे, तिथे कुणी ना कुणी किल्ला बांधून ठेवला आहे. या साऱ्या किल्ल्यांत मला सर्वांत आवडलेला म्हणजे बेनाक. उत्तर तीरावर, नदीपासून दीडशे मीटर उंचीच्या सरळसोट कड्यावर तो उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी, कड्याला पाठ टेकून, त्याच नावाचं गाव आहे. जेमतेम पाचेकशे वस्तीचं.

इथे येण्यासाठी सार्ला या गावात मुक्काम करणं सोयीचं. बोर्दोहून सार्लाला थेट आगगाडी येते, अडीच-तीन तासांत. तिथून बेनाक दहा-अकरा किलोमीटर. मोटार भाड्यानं घेतली तर उत्तम, पण सायकलवरूनही जाता येतं. सार्लाला घाईनं मागे टाकू नये. १९६२ साली आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना फ्रान्सनं एक कायदा केला. एखादी सुटी इमारत जतन करण्याऐवजी जुन्या वस्तीचा अख्खा भागच राखायचा, ही त्याची कल्पना, आणि ती आधी राबवली गेलेल्या गावांत सार्ला अग्रभागी होतं. पडायला आलेली मध्ययुगीन घरं उभी राहिली, गटारं नवी झाली, दगडी दर्शनी भिंती स्वच्छ झाल्या. बुधवारी आणि शनिवारी तिथे बाजार भरतो, तेव्हा त्याच गल्ल्यांत चीज, भाज्या आणि अक्रोडांच्या टोपल्यांची रांग लागते. लोक तिथे राहतात, खरेदी करतात, पोरं शाळेत जातात. बेनाकला जाण्याआधी हे पाहिलेलं बरं, कारण पेरिगोरमधलं देखणेपण आपोआप टिकलेलं नाही, ते कुणीतरी ठरवून, पैसा ओतून, प्रसंगी भांडून टिकवलेलं आहे, हे इथूनच लक्षात यायला लागतं.

बेनाकमध्ये शिरताना उजव्या हाताला कडा असतो, डाव्या हाताला नदी, आणि दोहोंमध्ये रस्त्यापुरतीच जागा. पहिलं दर्शन खालूनच घ्यावं. किल्ल्याच्या दारापर्यंत वरून, पठाराच्या बाजूनं मोटार जाते, आणि पाय दुखत असतील तर तो मार्ग आहेच. पण धडधाकट माणसानं तो टाळावा. हे गाव चढूनच कळतं. नदीकाठच्या घरांची ओळ संपली, की एक गल्ली कड्याच्या बाजूला वळून चढायला लागते आणि मग वळणावळणानं वर जातच राहते. फरसबंदी उंचसखल आहे, पावसाळी दिवशी निसरडी होते, तेव्हा चांगल्या तळव्यांचे बूट हवेत. वाटेतल्या एका गल्लीचं नाव 'पानियेरेर' म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांच्या नावावरून पडलेलं आहे. नदीकाठच्या बंदरात माल चढत-उतरत असे तेव्हा टोपल्यांना गिऱ्हाईक कमी नव्हतं. घरं पंधराव्या ते सतराव्या शतकांतली. दारांच्या कमानींवर कोरीव काम, खिडक्यांना दगडी चौकटी, आणि भिंतींचा रंग असा की सकाळी फिकट मधासारखा दिसतो आणि संध्याकाळी गडद होतो.

पण मी सर्वांत जास्त वेळ पाहत राहिले ती छपरं. कौलं नाहीत, पाट्या नाहीत. चुनखडीच्या चपट्या, ओबडधोबड लाद्या एकावर एक आडव्या रचलेल्या असतात. इथे त्यांना लोझ म्हणतात. चढावर एक छप्पर असं आहे, की वरच्या पायरीवर उभं राहिलं की ते थेट छातीच्या उंचीवर येतं, हात लावता येतो. तिथे थांबून पाहिलं. प्रत्येक लादीचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग वरच्या लाद्यांखाली दडलेला, बाहेर दिसते ती फक्त कड. चुना नाही, सिमेंट नाही. लादी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवलेली, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता एकीवरून दुसरीवर टपकत खाली जातं. कडांवर राखाडी आणि शेवाळी रंगाची दगडफुलं पसरलेली. अशा छपराचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोहून अधिक भरतं. म्हणून छप्पर तीव्र उताराचं करतात, त्यामुळे बराचसा भार लाकडी सांगाड्यावर न राहता भिंतींवर उतरतो. ओकचे जाड वासे नसतील तर हे उभंच राहणार नाही. रचणारे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि काम महाग आहे. घरमालकाला स्वस्त कौलं घालायचा मोह होणारच. सरकारी संरक्षण आणि गावाचा आग्रह नसता, तर ही छपरं एव्हाना गेली असती.

गावाच्या वेशीवर 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' अशी पाटी आहे. ही पदवी देणारी संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. तिची कल्पना कोलोंज-ला-रूज या शेजारच्या भागातल्या लाल दगडांच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांची. लोकवस्ती दोन हजारांच्या आत हवी, गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत, शिवाय बांधकामं, वाहनतळ, विजेच्या तारा या सगळ्यांची तपासणी होते. दर्जा राखला नाही तर पाटी काढूनही घेतात. त्या पाटीमुळे येणाऱ्या गर्दीबद्दल तक्रारी आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मे, जून किंवा सप्टेंबर हे महिने निवडावेत आणि शक्य तितक्या सकाळी यावं.

गल्ली संपते तिथे पहिला दरवाजा येतो आणि त्यानंतर किल्ल्याची बांधणी उलगडत जाते. ज्यानं सह्याद्रीतले गड चढले आहेत त्याला ही रचना वाचायला वेळ लागत नाही. नदीकडचा कडा एवढा सरळ आहे की त्या बाजूला तटाची फारशी गरजच नाही. धोका पठाराकडून. म्हणून तिकडे दुहेरी तट, दुहेरी खंदक आणि एकामागून एक दरवाजे. चौकोनी, जाडजूड, जवळजवळ खिडक्या नसलेला मुख्य बुरूज बाराव्या शतकातला. त्याच्याभोवती पुढच्या शतकांनी दालनं, जिने, प्रार्थनाघर अशी भर घातली. शोभेच्या नक्षीला इथे वाव नव्हता. भिंतीची जाडी, जंग्यांची दिशा, दरवाज्याचं वळण, सगळं लढाईच्या हिशेबानं.

बेनाकचे सरदार पेरिगोरमधल्या चार प्रमुख सरदारांपैकी एक. बाकीचे बिरोन, बुर्देय आणि मारय इथले. बाराव्या शतकात या मुलखाचं राजकारण एका लग्नानं बदललं. ११५२ मध्ये आकितेनची एलिनॉर आणि हेन्री प्लांताजनेट यांचा विवाह झाला. दोनच वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि नैऋत्य फ्रान्सचा मोठा भाग इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला. त्यांचा मुलगा म्हणजे सिंहहृदयी रिचर्ड. ११९४ मध्ये आदेमार द बेनाक वारस न ठेवता वारला, तेव्हा रिचर्डनं हा किल्ला मेर्कादिए या आपल्या भाडोत्री सैन्याच्या सेनापतीला देऊन टाकला. मेर्कादिएनं आसपासच्या मुलखात केलेल्या लुटालुटीची आठवण पुढे बराच काळ राहिली. पण ही मिरासदारी अल्पायुषी ठरली. ११९९ मध्ये लिमूझँमधल्या शालूच्या वेढ्यात रिचर्डला बाण लागला आणि जखम चिघळून तो मेला. पुढच्याच वर्षी बोर्दोत मेर्कादिएचाही खून झाला. किल्ला पुन्हा बेनाक घराण्याकडे आला.

नंतरचं संकट धर्माच्या नावानं आलं. दक्षिण फ्रान्समधल्या काथार पंथीयांविरुद्ध पोपनं पुकारलेल्या युद्धाचा सेनानी सिमाँ द मोंफोर १२१४ मध्ये दोर्दोन्यच्या खोऱ्यात उतरला. एकामागून एक गड त्यानं घेतले. बेनाकच्या सरदारानं विनवणी केली, की या भागात फ्रान्सच्या राजाची बाजू धरणारा मीच एक आहे. किल्ला वाचला, पण त्याचं बळ असलेलं बांधकाम मोंफोरनं पाडायला लावलं. शत्रूला मारायचं नाही, पण त्याचे दात काढायचे, ही रीत जगभर एकसारखीच. आज दिसणाऱ्या तटातला आणि दालनांतला पुष्कळ भाग त्यानंतर पुन्हा उभारलेला आहे.

मुख्य इमारतीत शिरलं की आधी डोळे अंधाराला सरावावे लागतात. दिवे मुद्दाम कमी ठेवले आहेत. पहारेकऱ्यांच्या खोलीतली जमीन खडकाचीच आहे, भिंत कुठे संपली आणि कडा कुठे सुरू झाला हे कळत नाही. स्वयंपाकघर इतकं मोठं आहे की त्यात एक बैल सहज भाजता यावा. वरच्या मजल्यावर चारही सरदारांच्या बैठका होत ते दालन आहे. कमानदार छत, दगडी शेकोटी, आणि नदीकडे उघडणारी खिडकी.

त्या दालनाला लागूनच एक चिमुकलं प्रार्थनाघर आहे आणि बेनाकमध्ये मी सर्वांत हळवी झाले ती तिथे. पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं. रंग उडालेले, गेरू आणि हिरवट छटा तेवढ्या शिल्लक. एका भिंतीवर मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी, दुसरीकडे अखेरचं भोजन. त्या भोजनाच्या पंगतीत वाढप्याच्या भूमिकेत संत मार्शियाल दाखवला आहे. मार्शियाल हा शेजारच्या लिमोजचा पहिला बिशप मानला जातो, म्हणजे या भागातला आपला संत. चितारी कुठल्या मोठ्या नगरातला नसावा. चेहरे साधे आहेत, हात जरा मोठे, टेबलावरची भांडी तिरपी. पण जेरुसलेममधल्या पंगतीत आपल्या मुलखातला माणूस वाढायला उभा करावा, असं ज्याला वाटलं त्याची श्रद्धा मला अगदी जवळची वाटली. पंढरीच्या वाटेवर आपापल्या गावच्या संताची पालखी घेऊन निघणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

माथ्यावर पोचलं की सगळं खोरं उघडं पडतं. नदीच्या दोन मोठ्या वळणांत मक्याची आणि अक्रोडांची चौकोनी शेतं. डावीकडे मार्केसाकची बाग, जिथे एकोणिसाव्या शतकात ज्युलियें द सेर्व्हाल यानं बॉक्सवुडची हजारो झुडपं लावून घेतली, ती आज दीड लाख आहेत आणि हातानं कातरून गोलाकार ठेवलेली आहेत. समोर झाडीत लपलेलं फेराक. आणि नदीपलीकडे, दोन-अडीच किलोमीटरवर, बेनाककडे रोखून पाहणारा कास्तेलनो.

या दोन किल्ल्यांचं वैर हीच या खोऱ्याची खरी गोष्ट. शतवार्षिक युद्धात, म्हणजे १३३७ ते १४५३ या काळात, दोर्दोन्य ही बऱ्याच अंशी सरहद्द होती. बेनाक फ्रान्सच्या राजाकडे, कास्तेलनो बहुतांश काळ इंग्रजांच्या बाजूला. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहानं बेनाकही इंग्रजांच्या पदरात पडला, पण १३६८ मध्ये फ्रेंचांनी तो परत घेतला. कास्तेलनो मात्र १४४२ मध्ये, वेढा घालून, मगच फ्रेंचांच्या हाती आला. दोन्ही गडांवरून एकमेकांचे दिवे दिसत असतील, धूर दिसत असेल, पण मारा पोचण्याजोगं अंतर नव्हतं. म्हणून लढाई किल्ल्यांमध्ये न होता मधल्या शेतांत झाली. पिकं जाळणं, जनावरं पळवणं, खंडणी. दोन्ही सरदारांची नावं इतिहासात आहेत. मधल्या शेतकऱ्यांची नाहीत, आणि हे खोरं पाहताना ते फार जाणवलं. युद्धाची शेवटची मोठी लढाई १७ जुलै १४५३ रोजी झाली तीही याच नदीच्या काठी, खाली कास्तियोंला. फ्रेंचांच्या तोफांनी तिथे इंग्रज सैन्य मोडलं, आणि कड्यावरच्या गडांचे दिवस तिथेच भरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कास्तेलनोला गेलो. १९८५ पासून तिथे मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे. चिलखतं, धनुष्यं, पहिल्या लोखंडी तोफा यांच्याबरोबर तटावर पूर्ण आकाराची दगडफेकी यंत्रं उभी केलेली आहेत. हंगामात ती चालवून दाखवतात. लांब तुळईच्या एका टोकाला दगडमातीनं भरलेली अवजड पेटी, दुसऱ्या टोकाला गोफण. कळ सोडली की पेटी खाली कोसळते, तुळई वर उसळते आणि गोफण तुळईपेक्षा जास्त वेगानं फिरून दगड सोडते. दोनेकशे मीटरवरचा तट या यंत्रानं ढासळतो. मुलं बरोबर असतील तर बेनाकआधी हे पाहावं, म्हणजे बेनाकच्या भिंती एवढ्या जाड का, हे त्यांना विचारावं लागणार नाही.

युद्ध संपल्यावर बेनाकच्या सरदारांनी गडातच सुखसोयी आणल्या. सतराव्या शतकातला रुंद जिना आणि रंगवलेलं लाकडी छत त्या काळचं. अठराव्या शतकात घराण्याची वारस मुलगी बोमाँ घराण्यात गेली, मग राज्यक्रांती आली, आणि किल्ला हळूहळू ओस पडत गेला. १९४४ मध्ये त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, पण दर्जानं छप्पर गळायचं थांबत नाही. १९६१ मध्ये ल्युसियें ग्रोसो या खासगी गृहस्थानं तो विकत घेतला आणि उरलेलं आयुष्य दुरुस्तीला वाहिलं. आधी छपरं, मग भिंती, मग जिने. प्रवेशशुल्कातून आलेला पैसा पुन्हा दगडांत. मला त्यांच्या कामातला संयम फार मोलाचा वाटतो. दालनं रिकामी ठेवली आहेत, भरमसाट सामान आणून राजवाड्याचा देखावा केलेला नाही. गड गडासारखा दिसतो. सिनेमावाल्यांना तो म्हणूनच आवडतो. १९९३ चा 'ले व्हिजितर', ल्युक बेसाँचा १९९९ चा जोन ऑफ आर्कवरचा चित्रपट, रिडली स्कॉटचा २०२१ चा 'द लास्ट ड्युएल' यांचं चित्रीकरण इथे झालं.

उतरताना नदीकाठी दुपार काढावी. रेल्वे येण्याआधी बेनाक हे बंदर होतं. गाबार नावाच्या सपाट तळाच्या होड्या वरच्या रानांतून ओकचं लाकूड घेऊन खाली बेर्जराक आणि लिबूर्नपर्यंत जात. तिथे त्या लाकडाची दारूची पिंपं होत. प्रवाहाविरुद्ध परत येणं इतकं कष्टाचं की बऱ्याच होड्या खालीच मोडून लाकडाच्या भावानं विकत आणि नावाडी पायी घरी येत. आता त्याच घाटणीच्या होड्यांतून तासाभराची फेरी मारता येते. पाण्यातून पाहिल्यावर किल्ला कड्यातूनच उगवलेला दिसतो. कवी पोल एल्युआर यांनी १९५२ चा, त्यांच्या आयुष्यातला अखेरचा उन्हाळा या गावात काढला.

खाण्याबद्दल थोडं. हा हंस-बदकांचा मुलूख आहे, आणि शाकाहारी माणसानं फसू नये असा पदार्थ म्हणजे सार्लाचे बटाटे. लसूण आणि पार्सली घातलेले ते खरपूस काप बदकाच्या चरबीत तळलेले असतात. विचारून घ्यावं. त्याऐवजी शेळीच्या दुधाचं छोटं, गोल काबेकू चीज, वर अक्रोडाचं तेल घातलेलं सॅलड आणि शेवटी अक्रोडाचा केक. पेरिगोरच्या अक्रोडाला २००२ मध्ये संरक्षित नामांकन मिळालं आहे, आणि चव घेतल्यावर ते का मिळालं याबद्दल शंका उरत नाही.

होडीतून जाताना नदीत अर्धवट बांधलेले काँक्रीटचे खांब दिसले. चौकशी केली तर त्यांचीही एक लढाई निघाली. कडा आणि नदी यांच्यामधून जाणारा तो एकच रस्ता उन्हाळ्यात मोटारी आणि ट्रकनी तुंबतो. म्हणून जिल्हा प्रशासनानं नदीवर दोन पूल घालून सुमारे तीन किलोमीटरचा वळणरस्ता आखला आणि २०१८ मध्ये कामही सुरू केलं. निसर्ग आणि वारसा यांच्या बाजूनं उभे राहिलेले लोक न्यायालयात गेले. हे खोरं २०१२ पासून युनेस्कोच्या जैवमंडल राखीव क्षेत्रात आहे. २०१८ च्याच अखेरीस फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं काम थांबवलं. एप्रिल २०१९ मध्ये बोर्दोच्या न्यायालयानं परवानगीच रद्द केली आणि झालेलं बांधकाम पाडून जागा पूर्ववत करा, असा आदेश दिला. वरच्या न्यायालयांनी तो उचलून धरला. तरीही वाद वर्षानुवर्षं चालू राहिला.

गावातल्या सगळ्यांना हा निकाल आवडलेला नाही, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. दारासमोरून ट्रक जातो तेव्हा चारशे वर्षांच्या भिंती थरथरतात, म्हातारी माणसं रस्ता ओलांडू शकत नाहीत. पण वाहतुकीचा त्रास ऋतूचा आहे, त्याला छोट्या गाड्या, बाहेरचे वाहनतळ, ट्रकबंदी असे इलाज आहेत. नदीच्या त्या वळणात एकदा पूल उभा राहिला की त्याला इलाज नाही. मी न्यायालयाच्या बाजूची आहे. ग्रोसोंनी आयुष्यभर राखलेला गड, कारागिरांनी हातानं रचलेली छपरं आणि समोरचं मोकळं खोरं यांपैकी एकही दुसऱ्याशिवाय पुरा नाही.